उरलेली फीत

वेल्टा क्रूक्लेच्या सगळ्या रेकॉर्डी मी शिवल्या आहेत.
शिवल्या, हाच शब्द बरोबर.
रीगातल्या स्टुडिओच्या तळघरात,
एका हातात दाढीचं पातं, दुसऱ्या हातात चिकटपट्टी,
आणि मधून सरकणारी तपकिरी फीत,
सेकंदाला अडतीस सेंटिमीटर.

मुद्रण रात्री चाले.
दिवसा ट्रामचा खडखडाट भिंतीतून आत यायचा.
शेवटची गाडी डेपोत गेली
की लाल दिवा लागे.
ती कोट खांद्यावर तसाच ठेवून बसे,
बोटं गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून,
पुसून, पुन्हा बुडवून.
पियानोचं झाकण उघडण्याआधी
त्यावर हाताची पाठ टेकवायची,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तशी.

मग वाजवायची.
तिच्या वाजवण्याबद्दल मला विचारू नका.
मी ते सलग कधी ऐकलंच नाही.
मला एवढंच कळायचं,
कुठल्या स्वराच्या शेपटाला
परवाच्या रात्रीचं डोकं बसेल.

संथ भागात ती गुणगुणायची. बेसूर.
साहेब म्हणायचे, काप.
खुर्ची करकरायची. काप.
एका ओळीआधी ती श्वास घ्यायची,
विहिरीत उडी मारणाऱ्यासारखा.
तोही काप.
सगळं कापता येतं, फक्त तिरकं कापायचं,
म्हणजे सांधा कानाला लागत नाही.

त्या रेकॉर्डींनी तिला लेनिनग्राडला नेलं, वॉर्साला,
एकदाच हेलसिंकीला.
तिथून तिनं माझ्यासाठी कॉफी आणली
आणि पात्यांची दोन पाकिटं.
पेपरात आलं: निर्दोष.
तो पेपर मी खिडकीच्या फटीत कोंबला,
वारा फार यायचा.

एकदा मैफलीनंतर केसांतल्या पिना काढत म्हणाली,
"झेंटा, लोक आता माझ्याकडे
तुझं वाजवणं मागतात."
हसली. मी हसले नाही.

चौऱ्याहत्तरला उजवी करंगळी वळेना.
मग अनामिका.
पुढचं रेकॉर्डच्या पाठीवर छापलंय, तारखांसकट.
आधी बटाटे सोलणं सुटलं होतं,
ते कुणी छापलं नाही.

कापलेलं मी फेकलं नव्हतं.
का, ते सांगता येणार नाही.
आमच्या आईनं कधी चिंधी टाकली नाही, तसंच काहीतरी.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तेरा वर्षांचे तुकडे,
वीतभर, बोटभर, काही नुसते नखाएवढे.
पेन्शनीत निघाल्यावर एका फेब्रुवारीत
जोडायला बसले.
गोधडीला क्रम लागत नाही.
चार मिनिटं वीस सेकंद भरलं.

मशीन ढकलगाडीवर बांधून, बर्फातून, तिच्याकडे नेलं.
ती खिडकीशी बसली होती,
हात मांडीवर,
कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखे.

श्वास. करकर. श्वास.
एक चुकलेला स्वर, एकदम मोठा,
पायरी नसताना पाय पडावा तसा.
गुणगुण.
"नाही. परत."
पाण्यात बोटं बुडाल्याचा आवाज.
पुन्हा श्वास, या वेळी अर्धाच,
बाकीचा कुठल्या तुकड्यात गेला कोण जाणे.
आणि खूप लांबून, लाल दिव्याच्या आधीच
फितीवर चढून बसलेला
वळणावरच्या चाकांचा चीत्कार.

ती काही बोलली नाही.
उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर
चुकलेल्या स्वराच्या शेजारी चाचपडत होती.
मग जराशी चिडूनच म्हणाली,
"खिडकी लाव ना झेंटा. ट्राम आली."

खिडकी लावलेलीच होती.
तिच्या गल्लीत ट्राम कधी नव्हतीच.
मी उठले, कडी काढली,
पुन्हा घातली.